पेकिंगची गर्जना आणि गडचिरोलीचे अरण्य

सुरजागडच्या डोंगरावरून निघालेले लोहखनिज एटापल्ली, आलापल्ली, आष्टी असा प्रवास करीत गेली काही वर्षे चंद्रपूरजवळच्या घुग्घुसला येत आले आहे. वर्धा नदीकाठचे हे गाव मुळात कोळशाचे. खाणींच्या सोबतीला सिमेंटचा कारखाना आला, पुढे स्पंज आयर्नचा आला आणि गावाच्या अंगावरील काळ्या धुळीत लाल धुळीची भर पडली. या लाल मातीला रक्ताचाही इतिहास आहे. सुरजागडचा खाणपट्टा २००७ साली मंजूर झाला. २०१३ मध्ये कंपनीचा वरिष्ठ अधिकारी आणि त्याच्यासोबतचा गावचा पोलीस पाटील यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली. डिसेंबर २०१६ मध्ये डोंगराच्या पायथ्याशी उभी असलेली पाऊणशेच्या आसपास वाहने एका दिवसात जाळण्यात आली. घुग्घुसच्या कारखान्यात पोचणाऱ्या खनिजाची किंमत अशी अरण्यात मोजली गेली.

अशा प्रत्येक बातमीनंतर बैठकीत, रेल्वेच्या डब्यात, घरच्या दिवाणखान्यात एक वाक्य हमखास उच्चारले जाते : यामागे चीनचा हात आहे. वाक्य सोपे आहे, देशभक्तीचे समाधान देणारे आहे आणि ते पूर्णतः निराधारही नाही. म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे. चीनचा हात नेमका कोठे होता, किती काळ होता आणि तो केव्हा काढून घेतला गेला, याचा हिशेब मांडल्यावाचून गडचिरोलीत चार दशके जे घडले त्याचा अर्थ लागत नाही.

आरंभ १९६७ चा. २५ मे रोजी बंगालमधील नक्षलबाडी येथे गोळीबार झाला. महिन्याभरातच पेकिंग रेडिओने या उठावाचे गुणगान केले आणि ५ जुलै रोजी चिनी साम्यवादी पक्षाच्या मुखपत्राने 'भारतावर वसंतातील मेघगर्जना' अशा आशयाच्या मथळ्याचा अग्रलेख लिहून त्याला जागतिक क्रांतीच्या नकाशावर स्थान दिले. एका तालुक्याच्या कोपऱ्यातील शेतकऱ्यांच्या उठावाला एवढा मान मिळालेला पाहून कानू सन्याल आणि त्यांचे काही साथीदार त्याच वर्षी नेपाळमार्गे चीनमध्ये पोचले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नथू ला येथे भारतीय जवान चिनी तोफांना उत्तर देत होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या राष्ट्राशी सीमेवर प्रत्यक्ष चकमक सुरू होती, त्याच्याच दारात हे क्रांतिकारक दीक्षा घेण्यासाठी गेले. तेथे काही आठवडे शस्त्रशिक्षण झाले, माओची भेटही झाली. या भेटीची हकीकत सन्याल यांनी पुढे सांगितली, ती मोठी बोलकी आहे. येथे जे शिकलात ते विसरा आणि आपल्या देशाच्या परिस्थितीप्रमाणे मार्ग शोधा, अशा अर्थाचा उपदेश खुद्द माओने त्यांना केला होता. शिष्य परतले तोवर नक्षलबाडीचा मूळ उठाव पोलिसांनी मोडून काढलेला होता.

गुरूने विसरायला सांगितले, पण शिष्यांनी विसरायचे नाकारले. 'चीनचा चेअरमन आमचा चेअरमन' ही घोषणा कोलकात्याच्या भिंतींवर रंगवली गेली. १९७० मध्ये सौरीन बोस पक्षाचे दूत म्हणून पेकिंगला गेले, तेव्हा चौ एन लाय यांनीच या घोषणेबद्दल त्यांना फटकारले. दुसऱ्या देशाच्या नेत्याला आपला नेता म्हणणे त्यांना पसंत नव्हते. अर्थात यात कसली तात्त्विक उदारता नव्हती. पेकिंगचे हिशेब बदलू लागले होते. १९७१ मध्ये चीन याह्याखानाच्या पाठीशी उभा राहिला. पूर्व बंगालमध्ये बंगाली माणसांचे शिरकाण चालू असताना पश्चिम बंगालमधील नक्षलवाद्यांपुढे पेच उभा ठाकला आणि त्यांच्यातील एका गटाने चीनच्या मागे जात चक्क पाकिस्तानच्या लष्करशहाची बाजू घेतली. बुद्धी परक्याकडे गहाण टाकल्यावर माणूस कोठवर घसरतो, याचे याहून लख्ख उदाहरण मिळणे कठीण. २८ जुलै १९७२ रोजी चारू मजुमदार यांचा कोलकात्यात पोलीस कोठडीत मृत्यू झाला, तोवर पेकिंगच्या मेघगर्जनेचा प्रतिध्वनीही विरून गेला होता.

ईशान्येची गोष्ट वेगळी आहे, आणि चीनवर आरोपपत्र ठेवायचे तर ते तेथे ठेवता येते. थुइंगालेंग मुइवा यांच्यासह शंभराहून अधिक नागा बंडखोरांची पहिली तुकडी ब्रह्मदेशातील जंगले तुडवीत १९६७ च्या आरंभी युनानमध्ये पोचली आणि प्रशिक्षण व शस्त्रे घेऊन परतली. त्यामागून आणखी तुकड्या गेल्या, मिझो बंडखोरही गेले. पूर्व पाकिस्तानातील तळ १९७१ मध्ये नाहीसे झाल्यावर तर चीन हाच त्यांचा मुख्य आधार उरला. येथे केवळ अग्रलेख नव्हते, बंदुका होत्या, आणि त्यांनी भारतीय जवानांचे प्राण घेतले. परंतु माओच्या मृत्यूनंतर तेंग यांच्या हाती सूत्रे आली, तसा हाही ओघ आटत गेला. अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री म्हणून फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनला गेले त्या सुमारास बंडखोरांना उघड हात देण्याचे धोरण मागे पडले होते. चीनला आता व्यापार हवा होता, भांडवल हवे होते. क्रांतीची निर्यात त्याला परवडणारी राहिली नव्हती. १९८६ मध्ये मिझो करार झाला. ज्यांना युनानमध्ये बंदुका चालवायला शिकवले गेले, त्यांच्या नेत्याने निवडणूक लढवली आणि तो मुख्यमंत्री झाला.

आता कालक्रमाकडे पाहावे. पीपल्स वॉर ग्रुपची स्थापना २२ एप्रिल १९८० ची. त्याच वर्षी आंध्रातून लहान लहान दलम गोदावरी-प्राणहितेपलीकडच्या अरण्यात पाठवले गेले आणि २ नोव्हेंबर १९८० रोजी सिरोंचा तालुक्यातील मोयाबिनपेठा येथे पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मारला गेला. तेव्हा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता, तो झाला ऑगस्ट १९८२ मध्ये. म्हणजे ज्या वेळी माओचे नाव घेणारी बंदूक या अरण्यात शिरली, त्या वेळी माओच्या देशाने असल्या बंदुकांकडे पाठ फिरवलेली होती. गडचिरोलीचा नक्षलवाद हा चीनच्या विचाराचा खरा, पण चीनच्या हाताचा असल्याचे कालक्रम सांगत नाही.

नेपाळमध्ये तर याची कडेलोटाची प्रचीती आली. तेथील माओवाद्यांनी दहा वर्षे रक्तपात केला. माओच्या नावाचा हा दुरुपयोग आहे, असे म्हणून चीनने त्यांच्यापासून अंतर राखले. राजा ज्ञानेंद्र यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये सत्ता हाती घेतली, भारताने व पाश्चात्त्य देशांनी शस्त्रपुरवठा रोखला, तेव्हा त्याच वर्षी राजाच्या सैन्याला शस्त्रे पाठवली ती चीनने. माओचा जप करणाऱ्यांवर माओच्याच देशातील गोळ्या झाडण्याची ती व्यवस्था होती!

महासत्तांचा हा स्वभाव केवळ साम्यवादी नाही. लोकशाहीचा डांगोरा पिटणाऱ्यांचेही वर्तन निराळे नसते, आणि त्याची साक्ष देणारी माणसे विदर्भातील वाचकांच्या ओळखीची आहेत. दरवर्षी थंडीत नागपूर-चंद्रपूरच्या रस्त्यांवर स्वेटरची दुकाने मांडणारे तिबेटी सर्वांनी पाहिले आहेत. गडचिरोलीला लागून असलेल्या, एके काळी भंडाऱ्यात आणि आता गोंदिया जिल्ह्यात मोडणाऱ्या गोठणगाव येथे १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्यांच्या देशासाठी लढणाऱ्या खाम्पा योद्ध्यांना अमेरिकेच्या सीआयएने हाताशी धरले होते. पहिली तुकडी १९५७ मध्ये पॅसिफिकमधील सायपान बेटावर तयार झाली. पुढे कोलोरॅडोच्या पर्वतराजीत कॅम्प हेल येथे १९६४ पर्यंत प्रशिक्षण चालले. रात्रीच्या अंधारात विमानातून तिबेटवर उतरवलेल्या या तरुणांजवळ पकडले गेल्यास गिळण्यासाठी विषाची कुपी असे. उतरलेल्यांपैकी फार थोडे परतले. नेपाळमधील मुस्तांगच्या तळावर १९६० पासून दोन हजारांच्या आसपास योद्धे जमा झाले. १९६१ मध्ये त्यांनी एका चिनी लष्करी अधिकाऱ्याच्या वाहनावर हल्ला करून कागदपत्रांची थैली हस्तगत केली. चीनमधील उपासमार आणि सैन्यातील अस्वस्थता यांची अस्सल माहिती त्यात होती. अमेरिकेच्या दृष्टीने संपूर्ण कारवाईचे सार्थक त्या एका थैलीने झाले. तिबेट मुक्त होणे हा त्या कार्यक्रमाचा हेतू कधीच नव्हता. चीनला टोचत राहणे आणि माहिती मिळवणे एवढाच तो होता. साठचे दशक संपता संपता मदत थांबली. फेब्रुवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन पेकिंगला जाऊन माओशी हस्तांदोलन करून आले. १९७४ मध्ये नेपाळी सैन्याने मुस्तांगला वेढा घातला. शस्त्रे खाली ठेवण्याची दलाई लामांची ध्वनिमुद्रित आज्ञा योद्ध्यांना ऐकवण्यात आली. ती ऐकून अनेकांनी बंदुका दिल्या, काहींनी त्यापेक्षा मरण पत्करले. निक्सन यांनी चिनी भिंतीवर छायाचित्रे काढून घेतली त्याच वर्षी गोठणगावच्या माळावर निर्वासितांची घरे उभी राहिली.

तिबेटी योद्धा आणि नक्षलवादी यांना एका मापाने मोजण्याचे कारण नाही. एक स्वतःच्या देशासाठी आक्रमकाशी लढला, दुसरा स्वतःच्याच देशाविरुद्ध आणि बहुधा स्वतःच्याच गाववाल्यांविरुद्ध. साम्य आहे ते त्यांना चिथावणाऱ्यांच्या वागण्यात. आणि जेथे मदत थांबत नाही, वाहतच राहते, तेथे काय होते हे अफगाणिस्तानने दाखवले. ३ जुलै १९७९ रोजी, सोव्हिएत फौजा शिरण्याच्या सुमारे सहा महिने आधी, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी गुप्त साहाय्याच्या आदेशावर सही केली. पैसा अमेरिकेचा व सौदी अरेबियाचा, वाटप मात्र पाकिस्तानच्या आयएसआयचे. कोणत्या गटाला किती द्यायचे हे रावळपिंडीत ठरे आणि सर्वांत कडव्या गटाला सर्वाधिक मिळे. १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा गेल्या, अमेरिकेचे स्वारस्य संपले. बंदुका, शिबिरे आणि ती चालवणारी यंत्रणा मात्र तेथेच राहिली. ती पंजाबात दिसली, काश्मिरात दिसली. १९९३ च्या आरंभी रायगडच्या दिघी आणि शेखाडी किनाऱ्यावर उतरलेले आरडीएक्स पाकिस्तानातूनच आले होते आणि १२ मार्च रोजी मुंबईत २५७ माणसे मारली गेली.

ही सारी उदाहरणे मनात ठेवून पुन्हा गडचिरोलीकडे वळले म्हणजे एक अवघड प्रश्न उभा राहतो. येथे कोणी परके विमान शस्त्रे टाकायला आले नाही, कोणता किनारा नाही, सीमेपलीकडे तळ नाही. मग ही लढाई चार दशके कशावर चालली? उत्तर अप्रिय आहे. बहुतांश सामग्री देशातलीच होती. ६ फेब्रुवारी २००४ रोजी ओडिशातील कोरापूट येथील आणि १५ फेब्रुवारी २००८ रोजी नयागढ येथील पोलीस शस्त्रागारे लुटली गेली. नयागढमधून हजाराहून अधिक शस्त्रे गेली. फेब्रुवारी २००६ मध्ये बैलाडिलाच्या लोहखाणीच्या कोठारातून टनावारी स्फोटके पळवली गेली. सप्टेंबर २००६ मध्ये आंध्र पोलिसांनी अग्निबाणांचे भाग पकडले, ते चेन्नईच्या एका औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात तयार झालेले निघाले. मणिपुरी बंडखोरांशी असलेल्या संबंधांबद्दल राष्ट्रीय तपास यंत्रणेने २०१२ मध्ये आरोपपत्र दाखल केले, म्हणजे बाहेरचे धागे अगदीच नव्हते असे नाही. चितगावला एप्रिल २००४ मध्ये उल्फासाठी आलेली दहा ट्रक शस्त्रे पकडली गेली, तेव्हा चीनच्या शेजारात बेसावध राहणे परवडणारे नाही हेही दिसलेच. पण गडचिरोलीत पेरलेल्या सुरुंगांचे मूळ शोधत गेले तर ते बहुधा युनानपर्यंत पोचत नाही, आपल्याच खाणीच्या कोठारापाशी थांबते.

माणसांचे मूळही असेच जवळचे निघते. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोला येथील चकमकीत २६ जणांसह मारला गेलेला मिलिंद तेलतुंबडे हा घुग्घुसपासून फार लांब नसलेल्या वणी तालुक्यातील राजूरचा. कोळसा खाणीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी, कामगार चळवळ आणि तेथून भूमिगत जीवन, असा त्याचा मार्ग. लोहखनिज अरण्यातून कोळसापट्ट्याकडे आले, आणि हा माणूस कोळसापट्ट्यातून अरण्याकडे गेला. त्याला कोणी पेकिंगचे तिकीट काढून दिले नव्हते.

आणि अरण्यात त्याच्या आधीच्यांना ऐकणारे कान का मिळाले? १९८० च्या सुमाराचे गडचिरोली ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगावे लागत नाही. तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडक्यामागे मिळणारे पैसे ठेकेदाराच्या मर्जीवर असत. पुडके लहान भरले म्हणून शेकड्यामागे काही बाजूला टाकली जात, ती मोजली जात नसत, पण नेली मात्र जात. बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जाणारा बांबू तोडणाऱ्याच्या हाती नाममात्र मजुरी पडे. ज्या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो त्यातील लाकूड तोडले की गुन्हा, आणि गुन्हा मिटवायला वनरक्षकाला कोंबडी. दलमने पहिल्यांदा हात घातला तो या व्यवहाराला. दर वाढवून दिले, रक्षकांना दटावले आणि वनवासी माणसाला प्रथमच कोणी आपल्या बाजूने बोलताना ऐकू आले. नंतर काय झाले हेही तितकेच खरे आहे. ज्या ठेकेदाराविरुद्ध आरंभ झाला त्याच्याकडूनच हप्ता घेतला जाऊ लागला. पोलिसांचा खबऱ्या ठरवून शेकडो गावकऱ्यांचे गळे चिरले गेले, आणि ते बहुसंख्य वनवासीच होते. शाळा, रस्ते, पूल यांना विरोध झाला, कारण रस्ता आला की दलमची गरज संपते. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन हल्ल्यांतच ४८ पोलीस हुतात्मा झाले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याला आणखी १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक गेला. या पोलिसांत आणि १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० पथकात बहुतेक मुले याच जिल्ह्यातील, गोंडी-माडिया बोलणारी. अनेकदा दोन्ही बाजूंनी बंदूक धरणारे हात एकाच परिसरातील होते. माओ कोण, हे त्यांतील कितींना ठाऊक होते?

'चीनचा हात' या वाक्याने नेमके हेच दिसेनासे होते. सारे बाहेरून आले असे एकदा मानले की फळीवरील बाजूला टाकलेल्या पुडक्यांचा हिशेब कोणी मागत नाही. शत्रू दूर बसला आहे, तेव्हा त्याचा बंदोबस्त दिल्लीने करावा आणि गडचिरोलीचे काम पोलिसांनी पाहावे, अशी शहरी मध्यमवर्गाची सोयीस्कर वाटणी होते. राष्ट्राची चिंता वाहणाऱ्या कार्यकर्त्यानेही ही वाटणी मान्य करावी, हे नवल आहे. परकी सत्ता फट पाडत नसते, असलेल्या फटीत ती पाचर मारते. १९६७ ची पाचर चीनने काढून नेली, तरी फट तशीच राहिली, म्हणून १९८० मध्ये कोणाच्याही मदतीवाचून ती पुन्हा रुंदावता आली.

ती कशी बुजते याचीही उदाहरणे याच जिल्ह्यात आहेत आणि त्यांची चर्चा चकमकींच्या मानाने फारच कमी झाली. धानोरा तालुक्यातील लेखा-मेंढा या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि ज्या बांबूसाठी गावकरी गुन्हेगार ठरत होते तो त्यांनी स्वतः लिलावाने विकला. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलावही स्वतः करू लागल्या. दलमला जे बंदुकीच्या धाकाने ठेकेदाराकडून मिळवावे लागत होते, त्याहून अधिक ग्रामसभेला एका ठरावाने मिळू लागले. पोलिसांच्या शौर्याचे मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण दलमची भरती आटली, तिला हाही एक हातभार होता.

भरती आटल्यावर काय घडले ते २०२५ ने दाखवले. १ जानेवारीला तारक्का गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आली. २१ मे रोजी अबूझमाडमध्ये पक्षाचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला. ऑक्टोबरच्या मध्याला तारक्काचा पती, पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती, ६० साथीदारांसह गडचिरोली पोलीस मुख्यालयात आला आणि त्याने शस्त्रे खाली ठेवली. हा तोच भूपती, ज्याच्या दलमांनी या अरण्यात दशकानुदशके सत्ता चालवली. नक्षलवाद संपवण्यासाठी केंद्राने ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती. तिच्या कितीतरी आधीच चळवळीच्या पायाखालची जमीन सरकलेली होती. बीजिंगने एक शब्द उच्चारला नाही. ज्या नक्षलबाडीवर तेथून अग्रलेख लिहिले गेले, तिचे एक नायक कानू सन्याल यांनी २३ मार्च २०१० रोजी हातीघिशातील आपल्या साध्या घरात गळफास घेतला होता, तेव्हाही तेथून कोणी आले नव्हते.

शरण आलेल्यांचे पुनर्वसन हा आता शासनाचा विषय आहे, तसा समाजाचाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी घरातून उचलून नेलेल्या आणि पस्तिशीत परतलेल्या मुलीला गाव कसे स्वीकारते, तिला काम कोण देते, हे मुंबईत ठरत नाही. तेवढेच महत्त्व सुरजागडच्या खनिजाला आहे. डोंगर फोडून निघणाऱ्या संपत्तीतील किती वाटा एटापल्ली तालुक्यातील शाळेला, दवाखान्याला, नोकरीला लाभतो, जड वाहनांनी उखडलेला रस्ता कोण दुरुस्त करतो, शेतावर बसणाऱ्या लाल धुळीचे काय, हे प्रश्न विचारणारा नक्षलसमर्थक ठरू नये, एवढी समज या विजयानंतर तरी दाखवता यावी. ते प्रश्न सनदशीर मार्गाने विचारणारे लोक तेथे असणे, हीच दलम परत न येण्याची हमी.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. भल्या पहाटे बायका-मुले पाने तोडायला निघतात, दुपारी पुडकी बांधली जातात, संध्याकाळी ती फळीवर मोजली जातात. ग्रामसभेने ठेकेदाराशी केलेल्या करारातील रक्कम ठरल्या दिवशी जमा झाली की नाही, आणि नसल्यास तहसील कार्यालयात कोणी खेटे घातले, याची नोंद ठेवायला त्या फळीवर आता दलम असणार नाही.